अर्ध्यावरचे हात

लिफ्ट अडकली तेव्हा तिच्या डोक्यात बेडकाचं जठर होतं. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात बेडूक पोट उघडून दाखवायचा होता, आणि त्या जठराला गुलाबी रंग द्यावा की मातकट, यावरून तिचं नि संपादकबाईंचं सकाळपासून वाजलं होतं. संपादकबाईंचं म्हणणं, गुलाबी दिला की मुलांना किळस येत नाही. तिचं म्हणणं, एकदा बेडकाला विचारून घ्या. कागदांची गुंडाळी काखेत धरून ती हा वाद मनातल्या मनात जिंकत उभी होती, तेवढ्यात लिफ्टने गचका खाल्ला, दोन मजल्यांच्या मध्ये कुठेतरी थांबली आणि दिवा गेला. आत आणखी दोघं होते. वरच्या मजल्यावरच्या कचेरीतले हिशेबनीस आणि एक पार्सलवाला. अशा वेळी माणसं आधी हसतात, तसे तिघंही हसले. मग लिफ्ट हातभर खाली घसरली, वर कुठेतरी लोखंड करकरलं, आणि हसू जागच्या जागी विरलं. हिशेबनीस भराभर काहीतरी पुटपुटायला लागले. एरवी हे गृहस्थ नमस्काराला सुद्धा मोजून मान हलवणारे. पार्सलवाल्याने आपल्या देवाला हाक मारली, मोठ्याने, हक्काने, शेजारच्या खोलीतल्या काकाला मारावी तशी. मग दिवा आला. लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा होता आणि तिचं तोंड नेमकं आरशाकडे होतं. त्यात तिला आपले हात दिसले.

हात छातीसमोर आले होते. कागदांची गुंडाळी पायाशी पडली होती, ती कधी पडली तिला कळलं नव्हतं. तळवे एकमेकांकडे वळलेले, पण जुळलेले नाहीत. मध्ये एखादा पेला मावेल एवढी जागा. बोटं जरा वाकलेली, करंगळ्या बाकीच्यांपासून फटकून. हे हात काहीतरी करायला निघाले होते आणि वाटेत थांबले होते, एवढं दिसत होतं. काय करायला, ते मात्र दिसत नव्हतं. तिने ते झटकन खाली घेतले, चोरी पकडली गेल्यासारखे. लिफ्ट पुन्हा चालू झाली. कपाळ पुसत हिशेबनीस म्हणाले, "आठवला ना देव?" ती म्हणाली, "कोणता?" ते खो खो हसले, त्यांना वाटलं चेष्टाच केली. तिने चेष्टा केली नव्हती. तिला खरंच विचारायचं होतं. आणि गंमत अशी, की भीती केव्हाच ओसरली होती. मागे राहिली ती निव्वळ उत्सुकता, दुसऱ्याच्या घराची खिडकी उघडी दिसल्यावर वाटते तसली. फक्त घर स्वतःचं होतं.

तिच्या घरात देव नव्हता. खरं सांगायचं तर दोन होते, म्हणून एकही नव्हता. आईचा धर्म एक, बाबांचा दुसरा. त्यांनी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. ही पोटात आहे असं कळलं, तेव्हा ती दारं जराशी किलकिली झाली, पण अटीवर. मूल आमचं म्हणून वाढवणार असाल तर या. दोन्हीकडून तेच. मग या दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की आपल्या घरात तुझंही नको आणि माझंही नको. तसबीर नको, पोथीपुस्तक नको, प्रार्थना नको. पोर मोठं होईल आणि काय घ्यायचं ते त्याचं ते घेईल. शब्द दिला आणि पाळला. त्या घरात भाजीतल्या मिठावरून भांडणं झाली, टॉवेल पलंगावर टाकण्यावरून तर युद्धं झाली, पण त्या एका गोष्टीवरून कधी आवाज चढला नाही. चाळीत भिन्न धर्मांचं जोडपं म्हटलं की लोक ह्या दोघांचं उदाहरण द्यायचे. तिलाही त्याचा अभिमान होता. शाळेत बाकावरची मैत्रीण विचारायची, "तुमच्यात कुठला देव?" ही सांगायची, "आमच्याकडे नाही घेतलेला." शेजारच्यांनी फ्रिज घेतला होता, ह्यांनी नव्हता घेतला, तशातलीच ती गोष्ट. मैत्रिणीला काळजी वाटायची. "मग परीक्षेला जाताना काय करतेस?" "अभ्यास," ही म्हणायची, आणि मैत्रीण तिच्याकडे कीव आल्यासारखी बघायची. शाळेच्या प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे. हिला मिटायला कारण नव्हतं, म्हणून ही बघत राहायची. गुरुजींची पापणी कशी थरथरते, कुणाचे ओठ नुसतेच हलतात, कुणाचा चेहरा एकदम झोपेतल्यासारखा सैल पडतो. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना ज्याचे उघडे असतात त्याला फुकटात मॉडेल मिळतात. ती चित्रकार झाली ती बहुधा तिथेच.

पुढे तेच पोटापाण्याचं झालं. प्रकाशकाच्या कचेरीत खिडकीपासचं टेबल, बेडूक, ज्वालामुखी, पानांच्या शिरा, आणि लहानांच्या पुस्तकात 'सगळे प्रार्थना करतात' या धड्याची चित्रं. ती चित्रं तिने इतकी झकास काढली होती की चार वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी कचेरीत येऊन सांगितलं, बाई, तुम्ही नक्की आमच्यातल्याच. तिला तेव्हा फार हसू आलं होतं. आता जिना उतरताना (लिफ्टला तिने त्या दिवसापुरता रामराम ठोकला होता) तिला वाटलं, चौघांचे हात आपण पुरे काढले, मग स्वतःचे असे अर्धे का? आणि तिला संपादकबाईंचं पुस्तक आठवलं. प्रकाशनसंस्थेच्या वर्धापनदिनासाठी बाईंच्या डोक्यातून निघालेली कल्पना: कचेरीतल्या सगळ्या चित्रकारांनी स्वतःचं चित्र काढायचं आणि आपण कोण, आपला धर्म आपल्यात कुठे बसलेला आहे, ते त्यात दाखवायचं. शेजारच्या टेबलावरच्या चित्रकाराने, त्याला सगळे खोडरबर म्हणत कारण तो काढायचा कमी नि पुसायचा जास्त, स्वतःच्या चेहऱ्याला आजोबांची दाढी लावून चित्र केव्हाच देऊन टाकलं होतं. हिने मात्र हात वर केले होते. "मला वगळा, माझं पान कोरं जाईल." आता ती तशीच परत वर चढली, धापा टाकत बाईंच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माझं पान ठेवा." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "काय, सापडला का धर्म?" "नाही. हात सापडलेत." "मग जठर गुलाबी करून टाक आणि लाग कामाला," बाई म्हणाल्या.

स्वतःचं चित्र काढणाऱ्याची एक अडचण असते, ती ज्याने काढलं नाही त्याला सुचायचीच नाही. आरशासमोर बसलं की चेहरा मिळतो, खांदे मिळतात, पण हात एकच मिळतो. दुसरा पेन्सिल धरून कागदावर असतो. तिच्या खोलीत एका जुन्या कपाटाचं आरशाचं दार होतं, भिंतीला टेकवलेलं. त्यासमोर स्टूल, गुडघ्यावर फळी. चेहरा तर तासाभरात उतरला. रुंद कपाळ बाबांचं, हनुवटीवरची खळी आईच्या माहेरची, हे सगळं तिला पाठ होतं. मग हातांपाशी गाडी अडली. आधी तिने ते जुळवून टाकले. धड्यातल्या चित्रासारखे, सुबक. चित्र बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं दिसायला लागलं, आता ही नमस्कार करून हवामान सांगणार. मग ते उघडून आभाळाकडे केले. तर ती नळाला पाणी आलंय का बघणारी दिसली. बोटांत बोटं गुंतवली, तेव्हा दंतवैद्याच्या दारात बसलेली. कपाळाला लावून बघितले, हृदयावर ठेवून बघितले. प्रत्येक हात शरीरशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होता आणि प्रत्येक हात परक्याचा होता, लग्नापुरत्या उसन्या आणलेल्या कोटासारखा. पण ती चिडली नाही. उलट तिची मजा वाढत गेली. ह्या हातांना पुढे न्यायला गेलं की ते खोटे होतात, म्हणजे ते अर्ध्यावरच खरे आहेत, असं तिच्या ध्यानात आलं. असला कुठला धर्म असतो, जो पेलाभर अंतरावर थांबतो? तिने ते अर्ध्यावरचेच काढायला घेतले, आणि आठवणीतून ते काही केल्या येईनात. फोन पुस्तकांवर उभा करून आपोआप फोटो घेतला, तर त्यात ती एवढा मोठा मासा पकडला म्हणून सांगणारी निघाली. मध्येच तिला वाटलं, हे आईच्या टायपिंगचे हात आहेत. आई जन्मभर कचेरीत टंकलेखिका होती; यंत्रावर हात टेकण्यापूर्वी ते असेच हवेत धरलेले असायचे. बालपणी बघितलेलं कुठेतरी चिकटलं असणार. ह्या शोधावर खूश होऊन तिने आईला फोन लावला. "आई, मला तुझे हात हवेत. तुझे-माझे एकाच साच्यातले आहेत. उद्या दुपारी ये."

आई आली ती पिशवीभर फळं घेऊन. लेक एकटी राहते म्हणजे उपाशीच असणार, ह्या मताला आईने कधी पुरावा मागितला नाही. "बसायचं नुसतं? एवढंच?" असं म्हणत ती आरशासमोरच्या स्टुलावर बसली, केस नीट केले, आणि चेहरा चित्रात यायचा नाही असं कळल्यावर जराशी हिरमुसली. "हात असे धर," ही म्हणाली आणि तिने करून दाखवलं. लिफ्टमध्ये होते तसे, छातीसमोर, अर्ध्यावर. आईने बघितलं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "दुसरं काही धरते. ही फळं धरू का?" "फळं नकोत. टाइप करायच्या आधी धरायचीस ना, तसे." "टाइप करताना मनगटं अशी नसतात," आई म्हणाली. "ती खाली असतात." "मग असतील तशी धर गं, मी बघते काय ते." आई थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसली. मग ते उचलले, आणि एकदाही न बघता, एकदाही न हलवता, ते नेमके त्या जागी आणून ठेवले. पेल्याचं अंतर, फटकून असलेल्या करंगळ्या, सगळं. चपलेत पाय जावा तितक्या सवयीने. हिने घाईघाईने काढायला घेतलं. असं मॉडेल हातचं जाऊ द्यायचं नसतं. बोटांची पेरं, मनगटाचं हाड, शिरा. खोलीत पेन्सिलीचा आवाज तेवढा होता. काढून झालं आणि ती फळी आईकडे वळवून म्हणाली, "बघ, तुझे हात, माझं तोंड." आईने पिशवीतून चष्मा काढला, लावला, आणि एवढा वेळ बघत राहिली की हिला वाटलं चित्र फसलं.

"तू ते वर जाताना काढलेस," आई म्हणाली.

"मग?"

"ते वर जात नाहीयेत गं. खाली येतायत."

आईने तेवढंच सांगितलं, आणि बाकीचं हिला आपलं आपण दिसत गेलं. परीक्षेच्या दिवशी दारात उभी असलेली आई. हात वर यायचे, छातीपाशी यायचे आणि तिथून वळून हिची कॉलर सरळ करायचे. हिची कॉलर त्या काळात किती वेळा सरळ झाली असेल त्याला गणती नव्हती. कॉलर नसलेला फ्रॉक असला तरी व्हायची. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की हात वर, आणि मग पदराला पुसले जायचे, ओले नसले तरी. बाबांना यायला उशीर झाला, खालच्या मजल्यावरचे आजोबा वारले, हिचा निकाल लागला, प्रत्येक वेळी हात निघायचे आणि वाटेत काहीतरी काम शोधायचे. भांडं, केस, उशीचा अभ्रा. हे सगळं ही बघत होती, उघड्या डोळ्यांची पोर. घरात प्रार्थना नाही, असं तिला सांगितलं होतं, आणि समोर प्रार्थना चालली होती. फक्त तिचा शेवट कुणी दाखवला नव्हता, म्हणून जेवढी दिसली तेवढीच पूर्ण असं समजून पोरीने ती उचलली. लिफ्टमध्ये तिचे हात थांबले नव्हते. त्यांना जेवढं येत होतं तेवढं त्यांनी सगळं केलं होतं. तिला एकदम आईला पोटाशी धरावंसं वाटलं आणि त्याच वेळी जोरात हसावंसंही वाटलं, आणि तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही, कारण आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

"शब्द दिला होता ना तुम्ही," ती म्हणाली.

"पाळलाच ना," आई म्हणाली. "म्हणून तर खाली यायचे." मग तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुसलेला परत पुसला. "हे चित्र पुस्तकात नको देऊस. बाबा ते पुस्तक पानन् पान वाचणार, तुझं नाव आहे म्हटल्यावर. त्यांना एवढंच माहीत आहे, की हिने माझ्यासाठी सोडलं, मी हिच्यासाठी सोडलं. दोघांचं सारखं. त्यावर उभे आहोत आम्ही इतकी वर्षं. आता ह्या वयात त्यांना कळायला नको, की ही रोज सोडत होती, एकदाच नाही." हिने विचारलं, एवढ्यावरून बाबा रागावतील असं वाटतं का तुला? आई म्हणाली, "रागावले तर परवडलं असतं. वाईट वाटून घेतील. आणि बोलणार नाहीत. तुला माहीत आहेत ते." हिला माहीत होते. चित्र देणार नाही असं तिने कबूल केलं. आई जाताना दारात थांबली, हात किंचित वर आले, आणि दोघींनी एकदमच त्यांच्याकडे बघितलं. आईने ते पिशवीच्या बंदांत अडकवले आणि जिना उतरून गेली.

पुढचे काही दिवस ती कचेरीत ज्वालामुखी रंगवत होती आणि मनात ते चित्र घोळत होतं. खोडरबर म्हणाला, एवढं काय, दुसरं काढ, माणूस स्वतःची शंभर चित्रं काढू शकतो. तिने दुसरं काढलंही. नुसता चेहरा, खांद्यापाशी कापलेला, मागे भिंत. बरं होतं. कुणीही चांगलं म्हणालं असतं. तिला त्याचाच राग आला. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'तुमच्यात काय' या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, आणि ते तिचं नव्हतं, आईचं झाकलेलं होतं. आईचं उघडं करून आपण खरं व्हायचं, की आईला झाकून आपण पुन्हा कोरं पान व्हायचं? तिने आईला शब्द दिला होता. त्या घरात शब्दाचं काय मोल असतं ते तिला आता चांगलंच कळलं होतं. सोमवारी चेहऱ्याचं चित्र देऊन मोकळं व्हायचं असं तिने ठरवलं, आणि हातांचं चित्र भिंतीकडे तोंड करून टेबलामागे उभं करून ठेवलं.

रविवारी आईबाबा जेवायला आले. बाबा पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे गळका नळ म्हणजे त्यांना घरातलं आजारी माणूस. हिच्या मोरीतला नळ महिनाभर ठिबकत होता आणि हिने तो मुद्दाम तसाच ठेवला होता. बाबांना काम नसलं की ते पाहुण्यासारखे अवघडून बसतात. आई स्वयंपाकघरात फोडणी करत होती. बाबा पाना घेऊन मोरीत गेले, वायसर बदलला, आणि हात पुसायला जुना कागद शोधत हिच्या टेबलापाशी आले. तोंड फिरवून ठेवलेली वस्तू दिसली की ती फिरवून बघितल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. ही ताटं मांडत होती. वर बघितलं तर बाबांच्या हातात ते चित्र होतं.

बाबा चित्र उजेडाकडे धरून बघत होते, पाना काखेत. चेहऱ्याकडे बघितलं, मान हलवली, चेहरा पसंत पडला होता. मग हातांकडे बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली, काळजीची.

"तुलाही थंडी वाजते का गं?" ते म्हणाले.

"काय?"

"हे तुझ्या आईचं आहे बघ. हिला थंडी वाजली की हात असे यायचे. सांगायची नाही कधी. मी आपला उठून खिडकी लावून घ्यायचो." त्यांनी चित्र जरा लांब धरलं. "तुला ह्या खोलीत वारा लागतो का? उत्तरेची खिडकी आहे. फट असेल तर बुजवून देतो."

मग तिला उमगलं, की त्या घरातल्या खिडक्या सदानकदा बंद का असायच्या, भर उन्हाळ्यात सुद्धा, आणि अभ्यासाला बसलं की वहीचं पान हाताला का चिकटायचं. बाबांनी हात बघितले होते. प्रत्येक वेळी बघितले होते, आणि त्यांना जो अर्थ लागला त्याप्रमाणे ते उठले होते. तिला सुटकेचा मार्ग समोर दिसत होता, स्वच्छ, सरळ. नुसतं हो म्हणायचं. हो बाबा, वाजते थंडी. आईचं गुपित राहील, बाबांना खिडकीचं काम मिळेल, आणि भात निवायच्या आत सगळे जेवायला बसतील. तिने तोंड उघडलं. "हो बाबा," ती म्हणाली, "जरा वाजते."

"थंडी नव्हती हो ती," स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली. तिच्या हातात डाव होता. "आणि तिला नका बोलायला लावू खोटं. माझं मी केलं तेवढं पुरे."

बाबांनी आईकडे बघितलं, मग चित्राकडे, मग परत आईकडे. नळ आता ठिबकत नव्हता, त्यामुळे घर फारच शांत होतं. आईने फार काही सांगितलं नाही. डाव ओट्यावर ठेवला, हात वर घेतले, त्या जागी आणले आणि खाली घेतले. बाबांना पुरलं. ते हळूच स्टुलावर बसले.

"म्हणजे मी खिडकी लावायचो तेव्हा..."

"मला उकडायचं," आई म्हणाली.

बाबा हसतील असं क्षणभर वाटलं. हसले नाहीत. "काय मागायचीस?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात राग शोधूनही सापडत नव्हता; त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, लेकीला ज्या सुरात सगळं जाणून घ्यायचं असायचं त्याच सुरात.

"काही नाही. मागण्यापर्यंत पोचतच नव्हते मी."

बाबांनी चित्र टेबलावर उभं केलं, ह्या वेळी खोलीकडे तोंड करून. "हे द्यायचंय ना पुस्तकात? दे. हात मात्र बदलू नकोस." मग बराच वेळ ते पान्याचा आटा फिरवत राहिले, पुढे नि मागे. "मी मात्र शब्द पाळला," ते म्हणाले. "कडक पाळला. मला वाटलं, तू एवढं सोडलंस, तर मी मनातसुद्धा आणायचं नाही. आणलं नाही. आता शोधायला गेलो तर काही नाही तिथे. एक ओळ येत नाही मला. तुझे निदान अर्धे राहिले." त्यांनी लेकीकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने आजवर कधीच काढलं नव्हतं. "हिच्यात तुझं आलं. माझं काही आलंय का गं?"

हा प्रश्न आईला होता. हिला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. तिने स्वतःचा चेहरा इतक्या वेळा काढला होता, आणि त्यात बाबांचं कपाळ सोडलं तर दुसरं काही सापडल्याचं तिला आठवत नव्हतं. ती आईकडे बघत राहिली.

"कुठे पाळलात कडक?" आई म्हणाली. तिच्या आवाजात थट्टा होती, पण ती ओली होती. "ही तान्ही होती. ताप उतरत नव्हता, मी औषध आणायला गेले होते. भर दुपारी परत आले तर दार लोटलेलं, आणि तुम्ही हिला खांद्यावर टाकून ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होतात. आणि म्हणत होतात. तुमचं."

"मी?"

"तुम्हीच. मी बाहेर उभी राहिले, संपेपर्यंत. औषधाची बाटली हातात."

"बोलली नाहीस कधी."

"काय बोलणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

बाबा म्हणाले, त्यांना आठवत नाही. अजिबात आठवत नाही. मग लहान मुलासारखं पुढे वाकून त्यांनी विचारलं, "काय म्हणत होतो?" आणि आईने सांगितलं. जी भाषा तिची नव्हती, जो धर्म तिचा नव्हता, त्यातली ती ओळ तिने एकदा दाराआडून ऐकली होती आणि इतकी वर्षं कुणाला न सांगता जपून ठेवली होती. ती तिने अडखळत, शब्दाला शब्द लावत म्हटली. हिला त्यातलं काही कळलं नाही. काही आठवलंही नाही, ताप नाही, खांदा नाही. पण बाबांचे ओठ हलायला लागले होते. पुढची ओळ त्यांच्या तोंडून अशी आली की ते स्वतःच दचकले. त्यापुढची आली. मग ते अडले, डोळे मिटून शोधत राहिले, आणि मान हलवली.

"इथे हिचं नाव घातलं होतंत तुम्ही," आई म्हणाली.

बाबांनी लेकीकडे बघितलं आणि ती ओळ म्हटली, तिचं नाव घालून.